दीर्घिका केवढ्या मोठ्या असतात आणि तिथे कुणी राहत असेल का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशदर्शनाला आलेली मुलं, त्यांचे पालक, फॅमिली ग्रुपवरचे काका-मावश्या, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदा सगळी उत्तरं एकत्र लिहून ठेवतोय. दीर्घिका म्हणजे गॅलेक्सी, ताऱ्यांचा प्रचंड मोठा समूह, आणि आपण राहतो ती दीर्घिका म्हणजे आकाशगंगा. या सगळ्यात दोन प्रश्नांची कायम गल्लत होते. "कुठेतरी जीवन आहे का" हा एक प्रश्न आणि "ते आपल्याकडे आलंय का" हा वेगळा. पहिल्याला हो म्हणणारा माणूस दुसऱ्याला नाही म्हणू शकतो, आणि मी स्वतः तसाच आहे.

आपली आकाशगंगा नक्की केवढी आहे?

व्यास साधारण 1 लाख प्रकाशवर्षं. प्रकाश सेकंदाला जवळपास 3 लाख किलोमीटर जातो, तो वर्षभरात 9.46 लाख कोटी किलोमीटर कापतो, आणि अशी एक लाख वर्षं चालत राहिला तर या टोकापासून त्या टोकाला पोचेल. आत तारे किती, तर 10 हजार कोटी ते 40 हजार कोटी. एवढी मोठी रेंज का असं विचारतात लोक, तर आपण आतच बसलोय, मध्ये धूळ आहे, आणि बहुतेक तारे लालसर, बुटके आणि इतके मंद आहेत की त्यातला एकही नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, मग मोजणार कसे, एकूण वस्तुमानावरून अंदाज बांधावा लागतो.

आकडे ऐकून डोक्यात काही चित्र उभं राहत नाही हे मला माहितीये, म्हणून असं करा. नेपच्यूनपर्यंतची अख्खी सूर्यमाला अडीच सेंटिमीटरच्या नाण्याएवढी आहे असं समजा. सूर्य, पृथ्वी, गुरू, शनी, सगळं त्या नाण्यात आलं. आता शेजारचा सगळ्यात जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, तो त्या नाण्यापासून सुमारे 110 मीटरवर येईल. मध्ये जवळजवळ काहीच नाही. आणि आकाशगंगा? साधारण 2,600 किलोमीटर, म्हणजे श्रीनगर ते कन्याकुमारी सरळ रेषेत मोजलं तर त्यापेक्षा जरा कमी. माणसाने आजवर पाठवलेली यानं त्या नाण्याच्या कडेपासून जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर बाहेर गेलीयेत.

सूर्य मधोमध नाहीये, केंद्रापासून सुमारे 26 हजार प्रकाशवर्षांवर आहे आणि एक फेरी पूर्ण करायला त्याला साधारण 23 कोटी वर्षं लागतात. मागच्या फेरीला आपण याच जागी होतो तेव्हा पृथ्वीवर डायनासोर नुकते कुठे दिसायला लागले होते.

अशा दीर्घिका एकूण किती?

1995 च्या डिसेंबरमध्ये हबल दुर्बीण सप्तर्षींजवळच्या एका जागेवर दहा दिवस रोखून ठेवली होती. मुद्दाम अशी जागा निवडली जिथे काही नाही, आणि जागा केवढी, तर आकाशाचा सुमारे 2.4 कोटींवा भाग. त्यात 3 हजारांच्या आसपास दीर्घिका सापडल्या. मला विचाराल तर माणसाने काढलेला सगळ्यात महत्त्वाचा फोटो तोच. 2004 मध्ये दुसऱ्या एका तुकड्यात अजून खोल बघितलं तर 10 हजार.

त्यावरून एकूण संख्या काढायची तर 2016 मध्ये 2 लाख कोटी असा अंदाज आला, नंतर न्यू होरायझन्स यानाने प्लूटोच्या पलीकडून आकाशाचा अंधार मोजला तेव्हा तो जरा जास्तच धरला होता असं दिसलं, आता काहीशे अब्ज म्हणतात. काहीशे अब्ज म्हणजे तरी हजारो कोटी, आणि प्रत्येकीत परत लाखो-कोट्यवधी तारे.

आणि त्या एकेकट्या फिरत नाहीत बरं का, त्यांचे समूह असतात, समूहांचे महासमूह असतात. यातला एक प्रचंड महासमूह 2017 मध्ये पुण्यातल्या आयुका आणि आयसर या संशोधन संस्थांच्या मंडळींनी बाकी सहकाऱ्यांसोबत शोधला, त्याला सरस्वती नाव दिलंय. अंतर सुमारे 400 कोटी प्रकाशवर्षं, लांबी सुमारे 60 कोटी प्रकाशवर्षं. हे शाळांमध्ये अजून फारसं सांगितलं जात नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

एवढी अंतरं मोजली कशी? कुणी टेप घेऊन गेलं का तिकडे?

प्रश्न अगदी योग्य आहे, आणि उत्तरात एक बाई आहेत ज्यांचं नाव सगळ्यांना माहीत असायला हवं. हेन्रिएटा लेव्हिट. हार्वर्डच्या वेधशाळेत फोटोच्या काचा तपासायचं काम होतं त्यांचं. काही तारे ठरावीक लयीत तेजस्वी-मंद होतात, त्यांना सेफीड म्हणतात, आणि 1912 मध्ये लेव्हिटबाईंनी दाखवलं की ज्याची लय जितकी संथ तितका तो तारा मुळात जास्त तेजस्वी. म्हणजे लय मोजली की खरं तेज कळलं, दिसणारं तेज समोर आहेच, दोन्हीची तुलना केली की अंतर मिळालं.

त्यावेळी देवयानी (अँड्रोमेडा) तारकासमूहातला तो धूसर ढग आपल्याच आकाशगंगेत आहे की बाहेर यावर मोठमोठे शास्त्रज्ञ भांडत होते. 1923 मध्ये एडविन हबलला त्या ढगात एक सेफीड सापडला, अंतर काढलं, आणि तो कितीतरी बाहेर निघाला. आज आपण ते अंतर सुमारे 25 लाख प्रकाशवर्षं धरतो. म्हणजे बाहेर दुसऱ्या दीर्घिका आहेत हे माणसाला पक्कं कळून अजून धड सव्वाशे वर्षंही झालेली नाहीत.

आपण जुनं बघतो म्हणतात ते काय?

देवयानीचा जो प्रकाश आज डोळ्यात शिरतो तो 25 लाख वर्षांपूर्वी निघालाय. तिकडे कुणी असेल आणि त्यांच्याकडे अचाट ताकदीची दुर्बीण असेल तर त्यांना आत्ता आपली पृथ्वी दिसेल ती दगडांची ओबडधोबड हत्यारं बनवणाऱ्या आपल्या पूर्वजांची. शहरं नाहीत, शेती नाही, काही नाही.

मग इतक्या ताऱ्यांत कुठेतरी जीवन असणारच ना?

"असणारच" म्हणायला मन धावतं, पण जरा थांबा.

आधी जमेची बाजू. 1995 पर्यंत सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह आहे हे आपल्याला माहीतच नव्हतं. त्या वर्षी मेयर आणि केलोझ यांनी 51 पेगासीभोवतीचा ग्रह शोधला, 2019 ला त्यांना नोबेल मिळालं, आणि 2025 मध्ये पक्क्या झालेल्या परग्रहांचा आकडा 6 हजारांवर गेला. यातले निम्म्याजवळ एकट्या केप्लर दुर्बिणीचे, आणि तिच्या निरीक्षणांवरून असं दिसतं की सरासरी काढली तर प्रत्येक ताऱ्यामागे किमान एक ग्रह आहेच. 2020 च्या एका अभ्यासात, अगदी हात आखडून हिशोब केला तरी, सूर्यासारख्या ताऱ्यांभोवती योग्य अंतरावर असलेले खडकाळ ग्रह एकट्या आपल्या आकाशगंगेत 30 कोटी तरी निघतात. योग्य अंतर म्हणजे जिथे पाणी द्रवरूपात टिकू शकेल एवढंच हं, पाणी आहे असं नाही.

कच्चा मालही सगळीकडे पडलाय. बेन्नू लघुग्रहावरून आणलेल्या मातीत 14 अमिनो आम्लं सापडली जी आपल्या प्रथिनांमध्ये असतात, शिवाय डीएनए-आरएनएची पाचही बेसेस, म्हणजे त्यांची मूळ अक्षरं. हे 2025 च्या जानेवारीत जाहीर झालं आणि मला ते सगळ्या यूएफओ व्हिडिओंपेक्षा शंभरपट रोमांचक वाटतं.

आता अडचण. फ्रँक ड्रेकने 1961 मध्ये एक समीकरण मांडलं, तारे किती, त्यांना ग्रह किती, राहण्याजोगे किती, त्यातल्या किती ठिकाणी जीवन सुरू होतं, किती ठिकाणी बुद्धी येते, किती जण सिग्नल पाठवतात आणि ते किती काळ टिकतात, सगळ्याचा गुणाकार. पहिल्या दोन-तीन जागी आता आपल्याकडे खरे आकडे आहेत. पण माल तयार असताना जीवन सुरू होण्याची शक्यता किती, ही जागा कोरी आहे. आपल्याकडे उदाहरण एकच, पृथ्वी. ती शक्यता दहात एक असेल तर आकाशगंगा गजबजलेली आहे, आणि लाख कोटीत एक असेल तर आपण इथे एकटे आहोत, आणि आज उपलब्ध असलेल्या माहितीवर दोन्ही बसतं. नुसते तारे खूप आहेत म्हणून जीवन असणारच, हा युक्तिवाद म्हणून अर्धाच आहे. माझा कल हो कडे आहे, कारण पृथ्वी 454 कोटी वर्षांची आणि जीवनाच्या खुणा 350 कोटी वर्षांहून जुन्या, म्हणजे इथे ते तसं लवकर सुरू झालं. पण कल म्हणजे पुरावा नव्हे.

एलियन म्हणजे मोठ्या डोळ्यांची माणसंच का?

पृथ्वीचा इतिहास बघितला तर बहुतेक सगळा काळ इथे फक्त सूक्ष्मजीव होते. डोळ्यांना दिसतील असे प्राणी आले ते शेवटच्या 60 कोटी वर्षांत. त्यामुळे कुठे काही सापडलंच तर ते शेवाळ किंवा बुरशीसारखं, किंबहुना त्याहून साधं असण्याची शक्यता खूपच जास्त.

आणि सूक्ष्मजीवांना कमी लेखू नका. बुलढाण्यातलं लोणार बघा, अशनी आदळून बेसाल्ट खडकात झालेलं विवर, पावणेदोन किलोमीटरच्या वर व्यास, पाणी खारट आणि इतकं अल्कधर्मी की मासे जगत नाहीत, तरी त्यात सूक्ष्मजीवांच्या वसाहती आहेत. 2020 च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासले, तर मीठ आवडणारे हॅलोआर्किया निघाले. मंगळाचा पृष्ठभागही बराचसा बेसाल्टचा आहे आणि तिथेही विवरांत कधीकाळी तळी होती, म्हणून मंगळाचा अभ्यास करणारे लोणारला येतात. लोणारला देवळं बघायला जाता तेव्हा खाली पाण्यापर्यंत नजर टाका.

पण प्रत्यक्ष सापडलंय का काही?

नाही. पृथ्वीबाहेर जीवन आजपर्यंत कुठेही सिद्ध झालेलं नाही. हे ठामपणे लिहितोय कारण दर दोन महिन्यांनी कुणीतरी "नासाने मान्य केलं" असा फॉरवर्ड टाकतं.

जवळपास पोचल्यासारखं मात्र बऱ्याचदा वाटलंय. मंगळावर पर्सिव्हरन्स रोव्हरला 2024 मध्ये चेयावा फॉल्स नाव दिलेल्या खडकावर ठिपके दिसले, पृथ्वीवर असे ठिपके बऱ्याचदा सूक्ष्मजीवांच्या कामामुळे पडतात, पण जीवाशिवायही पडू शकतात. के2-18बी हा 124 प्रकाशवर्षांवरचा ग्रह, 2025 च्या एप्रिलमध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने त्याच्या हवेत डायमिथाइल सल्फाइडची चिन्हं दिसल्याचं सांगितलं, पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातले सूक्ष्मजीव सोडतात. लगेच दुसऱ्या गटांनी तोच डेटा तपासून सांगितलं की सिग्नल पुरेसा पक्का नाही. टीव्हीवर फक्त पहिला भाग दिसला.

माझी सगळ्यात मोठी आशा गुरू-शनीच्या चंद्रांवर आहे. शनीच्या एन्सेलॅडसच्या बर्फातून पाण्याचे फवारे उडतात आणि कॅसिनी यान त्या फवाऱ्यांतून चक्क उडत गेलं, मीठ सापडलं, सेंद्रिय रेणू सापडले, मग फॉस्फरससुद्धा सापडला. गुरूच्या युरोपाकडे क्लिपर यान ऑक्टोबर 2024 ला निघालंय, 2030 ला पोचेल.

हैदराबादच्या बलूनमध्ये एलियन बॅक्टेरिया सापडले होते ना?

हा प्रश्न मराठी लोकच विचारतात, कारण त्यामागे जयंत नारळीकर सर होते. प्रयोग खरा आहे. हैदराबादहून फुगे सोडून 20 ते 41 किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली, आणि 2005 च्या उड्डाणातल्या नमुन्यांतून तीन नव्या जातींचे जीवाणू मिळाले, 2009 मध्ये इस्रोने ते जाहीर केलं. एकाचं नाव ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईलवरून, एकाचं इस्रोवरून, एकाचं आर्यभटावरून. पुण्याच्या एनसीसीएस आणि हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थांनी ते तपासले. अतिनील किरणांना ते दाद देत नव्हते ही गोष्ट विलक्षणच आहे. पण ते पृथ्वीबाहेरून आले असं सिद्ध झालं नाही, इस्रोनेही तसा दावा केला नाही. खालून वर गेलेले असू शकतात. सर मे 2025 मध्ये गेले, पण प्रश्न हातात घेऊन फुगा वर सोडायची त्यांची पद्धत मला आजही सगळ्यात प्रामाणिक वाटते.

असतील तर मग येत का नाहीत?

हाच प्रश्न 1950 मध्ये लॉस अलामॉसला जेवताना भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मीने विचारला होता. त्यातली खोच अशी की प्रकाशाच्या एक दशांश वेगाने जरी कुणी पसरत गेलं तरी आकाशगंगा पार करायला 10 लाख वर्षं पुरतात, आणि आकाशगंगेचं वय तर हजार कोटींच्या वर. मग सगळे कुठे आहेत?

पण एक दशांश हा वेग म्हणजे काय ते बघा. नासाचं व्हॉयेजर 1 यान सेकंदाला 17 किलोमीटर जातंय, 1977 पासून जातंय, आणि अजून 2,500 कोटी किलोमीटरच्या आसपासच पोचलंय, जिथून त्याचा सिग्नल यायला जवळपास एक दिवस लागतो. याच वेगाने प्रॉक्झिमाला जायचं तर 75 हजार वर्षं. प्रकाशाचा एक दशांश म्हणजे याच्या सतराशेपट. तेवढं इंधन, वाटेतल्या धुळीचा मारा, पोचल्यावर थांबायचं कसं, आणि निघालेल्यांचे किती पिढ्यांनंतरचे वंशज पोचणार, हे सगळं सोडवावं लागेल. अशक्य आहे असं भौतिकशास्त्र म्हणत नाही, पण फार फार महाग आहे.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि मला ती जास्त पटते. 454 कोटी वर्षांच्या या ग्रहावर रेडिओ समजणारी जमात फक्त शे-सव्वाशे वर्षं आहे. समजा आकाशगंगेत आजवर हजार संस्कृती झाल्या आणि प्रत्येक दहा हजार वर्षं टिकली, तरी हजार कोटी वर्षांत त्या अशा विखुरतील की दोघी एकाच वेळी हयात असणंच दुर्मिळ. म्हणजे जी अफाटता "कुणीतरी असेल" म्हणायला बळ देते, तीच भेट होऊ देत नाही.

व्हॉयेजरवर मराठी आहे हे खरंय?

खरंय! सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी आहे तिच्यावर 55 भाषांतले नमस्कार आहेत आणि त्यात मराठी आहे. शिवाय संगीतात केसरबाई केरकरांची भैरवी आहे, गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई. व्हॉयेजर 1 उडालं 5 सप्टेंबर 1977 ला आणि केसरबाई गेल्या 16 सप्टेंबरला. ते यान कुठल्याही ताऱ्याच्या जरा जवळून जाईल ते सुमारे 40 हजार वर्षांनी, आणि तेही दीडेक प्रकाशवर्ष लांबून. कुणी ऐकेल असं मला वाटत नाही, पण पाठवलं याचा मनापासून आनंद आहे.

आपण त्यांचे सिग्नल ऐकतोय का?

1960 पासून. ड्रेकनेच अमेरिकेत ग्रीन बँकला टाऊ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी या दोन ताऱ्यांकडे रेडिओ दुर्बीण लावली होती, 1420 मेगाहर्ट्झला, कारण विश्वात सगळ्यात जास्त असलेला हायड्रोजन याच फ्रिक्वेन्सीला लहरी सोडतो आणि हे कुठल्याही हुशार जमातीला ठाऊक असणार. 15 ऑगस्ट 1977 ला ओहायोच्या दुर्बिणीला 72 सेकंदांचा एक जोरदार सिग्नल मिळाला, कागदावर जेरी एहमनने "वॉव" लिहिलं, तो परत कधीच ऐकू आला नाही. कुणाचा होता ते कळलेलं नाही, आणि एकदाच आलेल्या गोष्टीवर विज्ञान इमारत बांधत नाही.

फसायला होतं ते वेगळंच. ऑस्ट्रेलियात पार्क्सच्या दुर्बिणीला वर्षानुवर्षं विचित्र सिग्नल मिळायचे, 2015 मध्ये कळलं की बंद व्हायच्या आधीच मायक्रोवेव्हचं दार उघडलं की ते यायचे. उलट 1967 मध्ये जोसेलिन बेलला मिळालेली अचूक ठोक्यांची लय गमतीत "हिरवी माणसं" म्हणून नोंदवली गेली आणि त्यातून पल्सार, म्हणजे लयीत ठोके देणारे तारे, सापडले.

आपल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणींच्या प्रकल्पाची ताकद सांगायची तर, 2016 मध्ये युरोपचं शियापरेली यान मंगळावर उतरत असताना त्याच्या काही वॅटच्या ट्रान्समीटरचा सिग्नल नारायणगावजवळच्या या 30 दुर्बिणींनी पकडला होता. मंगळावरून. प्रा. गोविंद स्वरूप यांनी हे सगळं उभं केलं.

आपला टीव्ही-रेडिओ त्यांच्यापर्यंत पोचला असेल की!

शंभरेक प्रकाशवर्षांपर्यंत लहरी गेल्यात हे बरोबर, पण एक लाखाच्या आकाशगंगेत तो लहरींचा फुगा टिंबाएवढाही नाही, आणि अंतर दुप्पट झालं की ताकद चौथाई होते, त्यामुळे आपले साधे कार्यक्रम थोड्याच अंतरात पार्श्वभूमीच्या गोंगाटात बुडतात. 1974 ला अरेसिबोहून मुद्दाम जोरात पाठवलेला संदेश एम13 या तारकागुच्छाकडे चाललाय, पोचायला सुमारे 25 हजार वर्षं.

3आय/अ‍ॅटलास हे एलियनचं यान होतं ना?

नाही, धूमकेतू. 1 जुलै 2025 ला चिलीतल्या अ‍ॅटलास दुर्बिणीने शोधलेला, दुसऱ्या ताऱ्याकडून आलेला तिसरा ज्ञात पाहुणा. वायू सोडत होता, धूळ सोडत होता, धूमकेतू करतात तेच. दुसऱ्या सूर्यमालेचा तुकडा आपल्या अंगणात आला ही मूळ बातमीच एवढी मोठी आहे की तिला यानाची गरज नव्हती. यूएफओंबद्दल विचाराल तर नासाच्या समितीने 2023 मध्ये अहवाल दिला, काही गोष्टींचा उलगडा झालेला नाही पण परग्रहाशी जोडणारा पुरावा नाही. उलगडा न झालेलं म्हणजे एलियन, असं होत नाही.

हे सगळं डोळ्यांनी बघायला कुठे जायचं?

देवयानी दीर्घिका नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये रात्री आठ-नऊला जवळजवळ डोक्यावर, जराशी उत्तरेला असते. आधी शर्मिष्ठा शोधा, इंग्रजी एमसारखी, मग भाद्रपदेचा मोठा चौकोन, या दोघींच्या मध्ये एक पुसट लांबट डाग दिसतो. अमावस्येच्या आसपास जा, शहरापासून लांब, आणि वीसेक मिनिटं मोबाईल बघू नका, नाहीतर डोळे अंधाराला सरावतच नाहीत. साधी दुर्बीण पुरते, चांगल्या जागी तीही लागत नाही. आकाशगंगेचा पट्टा बघायचा तर पेंच व्याघ्र प्रकल्प, 2024 च्या जानेवारीत तो भारतातला पहिला डार्क स्काय पार्क झालाय, आणि मार्च-एप्रिलला पहाटे उठायची तयारी ठेवा.

मुलांना घेऊन जायचं असेल तर 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या सुमारास, खोडदला जीएमआरटीत प्रदर्शन भरतं, गावोगावच्या शाळा आपापले प्रयोग घेऊन येतात आणि 45 मीटर व्यासाच्या त्या दुर्बिणी जवळून बघायला मिळतात. जायच्या आधी त्या वर्षीची तारीख त्यांच्या वेबसाइटवर बघून घ्या, गर्दी बरीच असते, सकाळीच पोचा.